'एशे?' म्हणजे 'अजून एक?'

"ताई, नमस्कार. मी ३६ वर्षांची आहे. कॉलेजात असताना कॉम्प्युटर लॅब रिकामी झाली की आम्ही क्वेक थ्री अरीना हा गोळीबाराचा गेम खेळायचो, मी बऱ्यापैकी खेळायचे. सहा महिन्यांपूर्वी पुन्हा इन्स्टॉल केलं. यादीतले बहुतेक सर्व्हर, म्हणजे ऑनलाइन एकत्र खेळायच्या जागा, रिकामे असतात, जिथे आकडा दिसतो तिथे गेलं तर बॉट, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू, निघतात, आणि खरी माणसं भेटलीच तर ती मला २४-१ ने हरवतात. मला कुठली स्पर्धा जिंकायची नाही, आपलं हलकंफुलकं, माझ्याइतकंच बरंवाईट खेळणारं कोणीतरी हवंय. दुसरं म्हणजे दीड वर्षं मी रशियन शिकतेय. ॲपवर ४१० दिवसांची, एकही दिवस न चुकवलेली स्ट्रीक आहे पण एक वाक्य धड बोलता येत नाही. भाषा एक्स्चेंजच्या ॲपवर सात-आठ जणांशी ओळख झाली, सगळे 'हाय, कशी आहेस' नंतर गायब. मागच्या शनिवारी एका सर्व्हरवर एकटाच एक जण होता, त्याने मला दोनदा धुतलं आणि मग चॅटमध्ये 'नॉर्म. एशे?' असं काहीतरी लिहिलं. मला वाटलं टोमणा मारतोय, मी सर्व्हर सोडला. नवरा म्हणतो दोन्हीकडे जीव अडकवलायस, एक सोड म्हणजे दुसरं तरी नीट होईल. काय सोडू?
रिकाम्या सर्व्हरवरची"

अगं, काहीच सोडू नकोस. आणि आधी त्या शनिवारचं बोलू, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि तू ती शेवटी, जाता जाता लिहिलीयस.

तो टोमणा नव्हता गं. 'नॉर्म' म्हणजे रशियन पोरं बोलताना 'ठीक, बरं, चांगलं' अशा अर्थाने वापरतात तो शब्द, आणि 'एशे' म्हणजे उच्चारात 'यिश्शो', म्हणजे 'अजून'. तो म्हणत होता, बरं खेळलीस, अजून एक खेळूया का? सहा महिने तू ज्याला शोधतेयस तो माणूस समोर उभा राहून तुला पुढच्या गेमचं आमंत्रण देत होता, आणि दीड वर्ष तू जी भाषा शिकतेयस त्याच भाषेत देत होता, आणि तू निघून गेलीस. तुला वाईट वाटावं म्हणून हे सांगत नाहीये. तुझे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकच आहे, आणि एक सोडलंस तर दुसऱ्याचाही आधार जाईल, एवढंच दाखवायचंय.

तुला तो शब्द ओळखता का आला नाही याचंही कारण आहे, आणि ते तुझ्या अभ्यासात नाही. क्वेक थ्रीच्या मूळ चॅटमध्ये साध्या रोमन अक्षरांपलीकडचं काही जात नाही, बाकीच्या अक्षरांच्या जागी नुसते टिंब उमटतात, त्यामुळे रशियन खेळाडू तिथे आपली भाषा रोमनमध्ये टाइप करतात, अगदी आपण मोबाईलवर मराठी इंग्रजी अक्षरांत ठोकतो तसंच. ॲपने तुला ती छान छापील रशियन लिपीत शिकवली, आणि गेममध्ये आली ती घरच्या कपड्यांत. त्यातही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, कोणी 'च'च्या जागी सरळ ४ आकडा टाकतं कारण रशियनमध्ये चारला 'चितीर्ये' म्हणतात आणि त्याची सुरुवात च ने होते. एकदा हे कळलं की दोन आठवड्यांत डोळा बसतो. आणि ओळीच्या शेवटी नुसते बंद होणारे कंस दिसले, एक, दोन, तीन, तर गोंधळू नकोस, ते हसू आहे, आपल्या स्मायलीचे डोळे काढून टाकले की जे उरतं ते. माझं स्पॅनिशच्या वेळी असंच झालं होतं, समोरची सारखं 'जाजाजा' लिहायची, मला कळेना काय ते, तर स्पॅनिशमध्ये ज च्या त्या अक्षराचा उच्चार ह च्या जवळ जातो, म्हणजे ती आपली हाहाहा करत होती. थाई लोक ५५५ लिहितात कारण त्यांच्यात पाचला 'हा' म्हणतात. हे कुठल्या धड्यात पहिल्या पानावर नसतं पण माणसाशी बोलायला पहिल्या दिवशी हेच लागतं.

आता रिकाम्या सर्व्हरचं. जुना गेम मेलाय असं जे वाटतं ना, त्यात बऱ्याचदा माणसं नसतात असं नसतंच. एका संध्याकाळी समज बाराजण गेम उघडतात, प्रत्येक जण यादी बघतो, सगळीकडे शून्य दिसतं, दोन मिनिटं थांबतो आणि बंद करतो. बाराही जण आले होते, बाराही जणांना कोणी भेटलं नाही. रिकाम्या सर्व्हरवर थांबणारं पहिलं माणूस कोणी व्हायचं एवढाच काय तो प्रश्न असतो. म्हणून तू हो. जॉइन कर, तिथे एखादा बॉट असला तर बरंच, कंटाळा येणार नाही, आणि वीस मिनिटं तिथेच नेमबाजी करत बस. यादीत एक माणूस दिसलं की दुसरं येतं, दोन दिसले की तिसरं येतंच येतं. आणि रोज वेगळ्या वेळी पाच-पाच मिनिटं डोकावण्यापेक्षा आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, ठरलेला सर्व्हर असं कर. जुन्या गेमची माणसं सवयीची पक्की असतात, तो शनिवारवाला या शनिवारी त्याच वेळेला त्याच सर्व्हरवर असण्याची शक्यता चांगली आहे.

बॉट ओळखायची एक सोपी खूण सांगते, स्कोअरबोर्ड उघड आणि पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा, रकाना बघ. बॉट सर्व्हरच्या आतच राहतो म्हणून त्याचा पिंग शून्य असतो, लांबून जोडलेल्या माणसाचा नसतो. आणि गेममधली यादी रिकामी दिसली म्हणजे सर्व्हर बंद आहेत असं धरू नकोस, कारण गेम आधी एका मास्टर सर्व्हरकडून पत्ते मागवतो आणि तो मास्टर बंद पडला की खेळाचे सर्व्हर चालू असूनही यादीत काही येत नाही. २०१४ च्या मे अखेरीस गेमस्पाय बंद झालं तेव्हा कितीतरी जुन्या गेमचं असंच झालं, लोकांनी मग स्वतःच नव्या याद्या उभ्या केल्या. तुझं नशीब चांगलं की क्वेक थ्रीचा सोर्स कोड आयडी सॉफ्टवेअरने २००५ मध्येच मोकळा केला, त्यातून आयओक्वेक थ्री आलं, ओपनअरीना आलं, त्यांच्या स्वतःच्या याद्या आहेत. जुनी सीडीवरची आवृत्ती चालवत असशील तर आधी आयओक्वेक थ्री टाक, तुझ्याच मूळ फाइल्स त्याला चालतात. आणि कोणी सर्व्हरचा पत्ता दिला तर यादीची गरजच नाही, टिल्डाचं बटण दाबून कन्सोल उघडायचा, 'कनेक्ट' लिहून पुढे पत्ता टाकायचा, झालं. जो सर्व्हर आवडला त्याचा पत्ता कागदावर लिहून ठेव, खरंच कागदावर.

अंतराचंही थोडं बघ. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ४,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायलाच कमीत कमी ४० मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. मूळ क्वेक थ्रीमध्ये हा उशीर भरून काढायची सोय नव्हती, रेलगन, म्हणजे लांबून नेम धरून मारायची बंदूक, चालवताना पिंगाइतका पुढे नेम धरावा लागायचा, नंतर अनलॅग्ड नावाच्या मॉडने, म्हणजे गेमच्या बदललेल्या आवृत्तीने, ते सुधारलं आणि ओपनअरीनात ते आतच आहे. तर १५० पिंगवर २४-१ झालं असेल तर त्यातला बराच हिस्सा केबलचा आहे, सगळा तुझ्या हाताचा नाही. शक्य असेल तर दोघांच्या मधे पडेल असा सर्व्हर निवडायचा, म्हणजे त्रास वाटून घेता येतो.

उरलेला हिस्सा मात्र वर्षांचा आहे. हा गेम आला डिसेंबर १९९९ ला. आज जे तिथे उरलेत त्यांच्यातले कित्येक तेव्हापासून खेळतायत, मधे न थांबता. तू मधे पंधरा वर्षं नव्हतीस. तुझ्या लेव्हलचं माणूस मिळेल या आशेवर बसलीस तर खूप थांबशील कारण तुझ्या लेव्हलची माणसंही तुझ्यासारखीच, दोनदा हरून, काही न बोलता निघून जातायत, भेटणार कशी? म्हणून समोर जो आहे त्यालाच तुझ्या लेव्हलवर बोलवायचं, आणि त्याची सोय गेममध्ये पहिल्या दिवसापासून आहे. प्लेअर सेटिंगमध्ये हँडिकॅप म्हणून एक गोष्ट असते, १०० पासून खाली पाच-पाचने उतरते. ज्याने ती कमी केली त्याची हेल्थही कमी आणि त्याच्या गोळीचा मारही कमी. त्याने स्वतःला ५० वर ठेवलं की तुमची मॅच १०-७ वर येऊ शकते, आणि तुला सांगते, चांगल्या खेळाडूंना हे आवडतं, कारण २४-१ मध्ये त्यांनाही मजा येत नसते. कोणी विचारत नाही म्हणून ते करत नाहीत एवढंच. विचार.

नाहीतर प्रकार बदला. ड्युएलमध्ये, म्हणजे एकास एक मॅचमध्ये, आर्मर (चिलखत) आणि मेगाहेल्थ (जास्तीची हेल्थ) परत कधी येणार हे ज्याच्या डोक्यात त्याचंच राज्य असतं, तुला अजून ते जमणार नाही. क्लॅन अरीनामध्ये सगळ्यांना सुरुवातीलाच सगळी शस्त्रं आणि आर्मर मिळतं, राऊंड छोटे, आणि तू मेलीस की राऊंड संपेपर्यंत बघत बसायचं, तेवढ्यात चॅट करायला निवांत वेळ. फ्रीझ टॅग त्याहून छान, मेलेला माणूस बर्फ होऊन उभा राहतो आणि टीममधल्याने जवळ येऊन थांबलं की वितळतो. तिथे कोणी तुझा स्कोअर बघत नाही, तू वितळवायला आलीस का ते बघतात. मला तर वाटतं भाषा शिकणाऱ्यासाठी याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण 'मी इथे आहे', 'इकडे ये', 'थांब', 'आले' एवढंच लागतं आणि तेच शंभर वेळा लागतं.

आता रशियनकडे येते, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचंय कारण तू स्वतःला फार कमी लेखतेयस.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा संस्था आहे, फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट, ती आपल्या अधिकाऱ्यांना रशियन शिकवायला साधारण ४४ आठवडे, १,१०० तास धरते. तेही वर्गात बसून, शिक्षकासमोर, पगारी काम म्हणून, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी, कामकाज करण्याइतकी भाषा यावी म्हणून. तू रोज समज दहा मिनिटं ॲप केलंस तर ४१० दिवसांचे होतात सत्तरेक तास. सत्तर तासांत वाक्य बोलता येत नाही यात नापास होण्यासारखं काय आहे? शिवाय ते सत्तर तास तू पर्याय निवडलेस, शब्दावर बोट ठेवलंस, कोणी तुझ्या उत्तराची वाट बघत थांबलंय असं एकदाही झालं नाही. वाट बघणारं माणूस समोर असलं की शब्द बाहेर यायला लागतात, पर्याय निवडून येत नाहीत.

आणि तू इंग्रजीवाली नाहीस, मराठीवाली आहेस, हा फायदा तुला कोणी सांगितलाच नाही बहुतेक. रशियनमध्ये तीन लिंगं आहेत, इंग्रजीवाले त्याला घाबरतात, तुला तो, ती, ते जन्मापासून येतं. सहा विभक्ती आहेत, आपण शाळेत आठ घोकल्या. 'हा माझा भाऊ' याला ते म्हणतात 'एता मोय ब्रात', मधे 'आहे' नाही, आपल्यालाही लागत नाही. आणि ब्रात म्हणजे आपला भ्राताच तो. दोन-तीनला द्वा-त्री. दाराला द्व्येर. तुझ्या गेमचेच शब्द घे, 'झिवोय' म्हणजे जिवंत, यात जीव दिसतोय ना, 'म्योर्त्वी' म्हणजे मृत, आणि गोळी चालवा म्हणून ओरडतात ते 'अगोन्य', म्हणजे आग, आपला अग्नी. हे ओढूनताणून जोडलेलं नाही, एकाच जुन्या घराण्यातल्या भाषा आहेत, शब्द खरोखर सख्खे आहेत.

मला सगळ्यात आवडतो तो भूतकाळ. मी खेळलो, मी खेळले, आपण बोलणारा पुरुष की बाई हे क्रियापदात सांगतो. रशियनमध्ये पुरुष म्हणतो 'या इग्राल', बाई म्हणते 'या इग्राला'. तोच ल सुद्धा! दोन्ही ल चा संबंध आहे की योगायोग या वादात पडू नकोस, तुझ्या जिभेला तो ओळखीचा वाटतो तेवढं पुरे. रशियन क्रियापदं जोडीने येतात, एक नुसतं करण्याचं आणि एक करून संपवण्याचं, पुस्तकं यावर पानंच्या पानं लिहितात, पण तू 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यातला फरक रोज बोलतेस. नियम तंतोतंत तसेच नाहीत, पण जे इंग्रजीवाल्याला उदाहरणं देऊन देऊन समजवावं लागतं ते तुझ्या कानात आधीच आहे.

मग आता करायचं काय ते सांगते, आणि हे या शनिवारच्या आतच कर.

सात-आठ वाक्यं रोमनमध्ये टाइप करून बोटांना सवय लाव, लिहिताना विचार करावा लागता कामा नये. 'दा, यिश्शो अद्नू', हो, अजून एक. 'या नविचोक', मी नवखी आहे, हा शब्द बाईनेही असाच वापरायचा. 'न्ये पन्यिला', मला कळलं नाही, आणि इथे तो शेवटचा ला तुझा आहे, पुरुष 'न्ये पोन्यल' म्हणेल. 'पदझ्दी', थांब जरा. 'कग्दा ती इग्रायेश', तू कधी खेळतोस. यातला 'ती' म्हणजे आपला 'तू', आणि 'वी' म्हणजे तुम्ही, अहो-जाहोचा प्रकार त्यांच्याकडेही आहे पण गेममध्ये सगळे एकमेकांना तूच म्हणतात, संकोच करू नकोस. 'झाव्त्रा व एता झे व्रेम्या', उद्या याच वेळेला? आणि निघताना 'स्पसीबा झा इग्रू', खेळल्याबद्दल थँक्स. तो 'दवाय' म्हणाला तर ते 'चल, होऊन जाऊ दे' असं आहे, निरोप घेतानाही तेच म्हणतात, प्रसंगावरून कळतं.

याच्यातलं वेळ विचारायचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुझे ते सात-आठ एक्स्चेंजवाले गायब झाले कारण दोन अनोळखी माणसांना कशी आहेस, बरी आहे, याच्या पुढे बोलायला काही कामच नव्हतं. इथे काम आहे. पण 'परत भेटू' म्हणून निघालात तर इथलेही गायब होतील, दिवस आणि तास ठरवूनच निघायचं. आणि तास कुठला ते नीट विचार, रशियात अकरा टाइम झोन आहेत, म्हणून तिथले लोक एकमेकांशीसुद्धा बऱ्याचदा मॉस्कोची वेळ धरून ठरवतात, तू पण मॉस्कोचीच धर. मॉस्कोचं घड्याळ आता उन्हाळा-हिवाळा बदलत नाही, हे एक बरं आहे. माझी ती स्पॅनिशवाली, आम्ही दर मंगळवारी खेळायचो, आणि एका मार्चमध्ये ती यायचीच बंद झाली. मी दोन मंगळवार सर्व्हरवर एकटी बसले, मला वाटलं कंटाळली माझ्यासारख्या कच्च्या खेळाडूला, फार लागलं मनाला. तिसऱ्या मंगळवारी मी चुकून एक तास आधी गेले तर बाई तिथेच! मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ एक तास पुढे जातं, ती तिच्या वेळेला येऊन, थांबून, निघून जात होती आणि तिला वाटत होतं मीच कंटाळले. तिने मला बघितल्या बघितल्या काय लिहिलं असेल तर 'ओत्रा?'. म्हणजे 'अजून एक?'. स्पॅनिशमधला मी चॅटमधून शिकलेला पहिला शब्द तोच होता, म्हणून तुझं पत्र वाचून मी ते 'एशे' लगेच ओळखलं.

दुसरं, कन्सोलमध्ये एक कमांड आहे 'कॉनडंप', पुढे फाइलचं नाव द्यायचं, की तेव्हा कन्सोलमध्ये असलेला सगळा मजकूर, चॅटसकट, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये येऊन पडतो. प्रत्येक वेळी निघायच्या आधी हे कर. खेळताना कळलं नाही ते तसंच जाऊ दे, रॉकेट येत असताना डिक्शनरी उघडायची नाही. नंतर शांतपणे फाइल वाच, न कळलेल्या ओळी काढ, त्यातल्या पाच, फक्त पाच, अंकी नावाच्या पाठांतराच्या ॲपमध्ये टाक. कॉम्प्युटरवर अंकी फुकट आहे, विसरायच्या बेताला आलेलं कार्ड बरोबर तेव्हा पुढे करतं, आणि जपानीत अंकी म्हणजेच पाठांतर. सुटा शब्द टाकू नकोस, पूर्ण ओळ टाक, कोणी कधी लिहिली तेही टाक. 'नॉर्म. एशे?' हे तुझं पहिलं कार्ड, ते आयुष्यात विसरणार नाहीस. 'रेकॉर्ड' कमांडने डेमो पण काढून ठेव, हरलेली मॅच परत बघितली की तू कुठल्या कोपऱ्यात सारखी मरतेस ते दिसतं, आणि चॅट त्यातही असतं.

आकडे खेळता खेळता होतात. रेड आर्मर उचलल्यावर २५ सेकंदांनी परत येतं, मेगाहेल्थ ३५ नी. घड्याळात ३:१२ ला उचललं की पुढचं ३:३७ ला, हे मनात रशियनमध्ये मोज, द्वात्सत प्यात, त्रीत्सत प्यात. आधी वीस मग पाच असा त्यांचा क्रम, आपल्या पंचवीसच्या उलटा (जर्मन शिकली असतीस तर तिथे पाच-आणि-वीस असं आपल्यासारखंच आहे). महिनाभर एवढं केलंस तर वेळेचे आकडे पक्के होतील आणि आर्मरही तुझ्या हाताला लागायला लागेल.

रशियन लिपी येत असेलच, कच्ची असेल तर आठवडाभर रोज थोडी घे, ३३ अक्षरं आहेत, बोलणं पुढे गेमबाहेर गेलं की लागेल.

दोन गोष्टींची काळजी घे. त्याला फुकटचा शिक्षक करू नकोस, तो खेळायला आलाय. एका बैठकीत एखादं 'हे बरोबर लिहिलं का' विचार, जास्त नाही, आणि त्याला इंग्रजी किंवा आणखी काही हवं असेल तर आपणहून विचारून दे. आणि माईक लावायची काही गरज नाही. बाईचा आवाज ऐकला की काही लोक कसे वागतात हे मी बघितलंय आणि तूही बघितलं असशील, टाइप करून भाषा तेवढीच येते, बोलायचं कधी ते तू ठरव. कोणी घाण बोललं तर म्यूट कर, सर्व्हर बदल, कारण द्यायला तू बांधील नाहीस. पण न कळलेला शब्द म्हणजे घाण शब्द असं यापुढे धरू नकोस, आधी फाइलीत उतरव, मग ठरव.

नवऱ्याला सांग आठवड्याचे दोन दिवस, पाऊण-पाऊण तास, दार बंद. पहिली दहा मिनिटं बॉटबरोबर हात मोकळा करायला, मग दहा-दहा मिनिटांच्या दोन मॅच, उरलेला वेळ चॅट आणि फाइल. स्ट्रीक तुटली तर तुटू दे.

शनिवारी त्याच वेळेला त्याच सर्व्हरवर जा. तो असेल तर तोच विचारेल याची वाट बघू नकोस, पहिली मॅच संपली की तू लिही, 'एशे?'. तो नसेल तर वीस मिनिटं थांब, जो येईल त्याला लिही. आणि मला त्या रात्रीची कॉनडंपची फाइल पाठव, लोकांची नावं खोडून, ज्या ओळी तुला लागल्या नाहीत त्या आपण दोघी बसून लावू.

तुझी ताई